दोन कठड्यांमधली वाट

खरं म्हणजे प्रश्न एका लोखंडी नळीचा होता. मुठीत मावेल एवढी जाड, वरच्या रस्त्यापासून खालच्या रस्त्यापर्यंत जाणारी, धरून उतरता येईल अशी साधी नळी. तेवढ्यासाठी नगरपालिकेची सभा दोनदा तहकूब झाली, खासदारसाहेबांच्या कोटाचं बटण गेलं आणि तराजूकाकांना भर पायऱ्यांवर, चारचौघांत, आयुष्यात प्रथमच एक बाजू घ्यायची वेळ आली.

काका वजनमापे खात्यातून निवृत्त झालेले. नोकरीभर दुकानदारांच्या तराजूची पारडी सारखी आहेत की नाही हेच बघितलं, आणि ते बघता बघता स्वतःच तराजू झाले. डाव्या शेजाऱ्याकडे चहा झाला की पित्त उसळत असलं तरी उजव्या शेजाऱ्याकडे अर्धा कप घ्यायचेच, उगाच कुणाला वाईट वाटायला नको. घरात वर्तमानपत्रं दोन, एकमेकांच्या उरावर बसणारी. काका दोन्ही वाचत आणि दोन्हींना "यात तथ्य आहे" म्हणत. मत देऊन बाहेर पडले की दोन्ही पक्षांच्या टेबलांकडे बघून सारखंच हसत. काकू म्हणायच्या, "यांना विचारावं, भाजीत मीठ कमी आहे का जास्त, तर म्हणतील दोन्ही बाजूंचा विचार व्हायला हवा."

या काकूंची धाकटी बहीण दगडी पायऱ्यांच्या तळाशी राहायची. तिच्या सासूबाई अंथरुणाला खिळलेल्या, त्यामुळे धाकटीला घर सोडून हलता येत नसे. म्हणून रोज दुपारी काकू पायऱ्या उतरून तिच्याकडे जात. दोघी तासभर बसत, सासूबाईंची कूस बदलत, जगाची मापं काढत आणि शेवटी आपसात भांडत. एका दुपारी काकूंची चप्पल सटकली आणि त्या चार पायऱ्या बसल्या बसल्या उतरल्या. गुडघा सुजला. डॉक्टर म्हणाले, "हाताला काही धरायला असेल तरच पायऱ्या. नाही तर वरच बसा." गाडीरस्ता टेकडीला वळसा घालून जायचा आणि त्यावर रिक्षावाले यायला तयार नसत.

काकू वरच बसल्या. रोज दुपारी फोन लावायच्या. पण फोनवर भांडण काही रंगत नाही हो. एकीचं वाक्य पोचायच्या आत दुसरीचं सुटतं, आणि ऐन रंगात सासूबाई हाक मारतात. आठवडाभरात काकूंचा चेहरा उतरला. मग दुपारी त्या नुसत्याच खिडकीशी बसू लागल्या. काकांना ते बघवेना.

"एक कठडा लागला की झालं," काका म्हणाले.

शेजारच्या शिवणकाम करणाऱ्या बाईंनी लगेच वेल्डरला बोलावलं. त्याने पायऱ्या नजरेनेच मापल्या आणि म्हणाला, "काका, दुपारी जेवून बसतो, संध्याकाळी काकू उतरतील."

काका दचकले. "सरकारी पायऱ्यांवर? विनापरवाना?"

"अहो, मी विनापरवानाच पडले होते," काकू खिडकीतून म्हणाल्या.

पण ज्याने उभं आयुष्य सरकारी शिक्का मारण्यात घालवलं, तो असा आडमार्गाने कसा जाणार? वरच्या मजल्यावरचे बँकवाले म्हणाले, "थेट खासदारांना गाठा. खालपासून सुरुवात केलीत की काम खालीच राहतं." हे बँकवाले इतरांच्या कामात फार स्पष्ट बोलतात. त्यांच्या स्वतःच्या गच्चीला गळती लागून जमाना झाला, तिथे मात्र ते अजून अभ्यास करत आहेत.

खासदारसाहेबांचं संपर्क कार्यालय म्हणजे एके काळचं फर्निचरचं दुकान. कपाटं विकली गेली पण वॉर्निशचा वास तसाच राहिला. प्लॅस्टिकच्या खुर्च्या, भिंतभर साहेबांचे फोटो, आणि दोन कानांना दोन फोन लावून तिसऱ्याशीच बोलणारे सचिव. साहेब आले तेव्हा सगळे उभे राहिले, त्यामुळे ज्यांचा नंबर होता ते मागे गेले आणि काका पुढे आले.

"कठडा?" साहेबांनी काकांचा हात दोन्ही हातांत घेतला. "काका, हे माझ्या मनातलंच काम तुम्ही बोललात. झालं समजा."

'झालं समजा' आणि 'झालं' या दोहोंमध्ये किती अंतर असतं हे काकांसारख्या मापाच्या माणसाला कळायला हवं होतं. पण साहेबांनी हात धरला होता आणि फोटोवाला "इकडे बघा" म्हणत होता. दोनच दिवसांत चौकात मोठा फलक लागला. 'ज्येष्ठांना खासदारांचा हात'. त्यात साहेब संपूर्ण होते. काकांचा एक कान आणि खांद्यावरची थोडी शबनम पिशवी होती.

खासदार निधीतून कठडा बसायला नगरपालिकेची ना-हरकत लागणार होती, आणि ती सचिव आणणार होते. इथे काका गप्प बसले असते तर ही गोष्ट लिहायची वेळ आली नसती. पण फलकासमोरून जाताना त्यांच्या मनाला टोचणी लागली. वॉर्डाच्या नगरसेविकाबाई विरुद्ध पक्षाच्या. त्यांना वाईट नसेल का वाटलं? पारडं एका बाजूला गेलं, नाही का? त्या रात्री काकांना जेवण गेलं नाही. सकाळी अंघोळ करून, इस्त्रीचा शर्ट घालून ते कुणीही न बोलावता नगरसेविकाबाईंच्या दारात उभे राहिले.

बाई त्यांचीच वाट बघत असल्यासारख्या होत्या. "या काका. पायऱ्या आमच्या वॉर्डाच्या, पडल्या त्या काकू आमच्या, आणि फोटो त्यांचा?"

"तसं नाही हो ताई. तुमचंही सहकार्य मिळालं तर..."

"नुसतं सहकार्य? काका, कठडा आम्हीच बसवणार. बसा, चहा घ्या. अरे, फोटोवाला कुठे गेला?"

चौकात पहिल्या फलकासमोर दुसरा लागला. 'काकूंच्या पावलांना ताईंची साथ'. या वेळी काकांचा दुसरा कान आला. दोन्ही फलक जोडून पाहिले असते तर काका जवळजवळ पूर्ण झाले असते. पायऱ्यांच्या तोंडाशी दुकान असलेल्या वाण्याने पुड्या बांधता बांधता विचारलं, "काका, उभे कुणाकडून राहताय?" काका हसले, पण त्या दिवशी साखर दुसऱ्या दुकानातून आणली. आणि परत येताना या वाण्याकडून काड्यापेटी घेतली.

मग प्रकरण कचेरीत शिरलं. अभियंता नकाशा पसरून बसला. त्याची अडचण रास्त होती. नकाशात वरचा रस्ता होता, खालचा रस्ता होता आणि मध्ये कोरा कागद होता. "पायऱ्या म्हणजे रस्ता धरायचा की बांधकाम?" तो काकांनाच विचारू लागला. "रस्ता असेल तर कठडा रस्ते विभागाचा. बांधकाम असेल तर आधी हे बांधकाम अधिकृत आहे का ते बघावं लागेल. आणि नसेल तर पाडावं लागेल."

"पायऱ्या पाडाल?" काकांनी विचारलं.

"मी नाही हो. अतिक्रमण विभाग."

काका घरी आले आणि हे काही बोलले नाहीत. काकूंनी विचारलं, "काय म्हणाले?" तेव्हा म्हणाले, "विषय मुळापासून हाताळतायत."

नगरपालिकेच्या सभेला काका प्रेक्षकांच्या बाकावर बसले. सभागृह लांबट, पंखे उंच, आणि मागच्या ओळीतल्या एका सभासदाची झोप इतकी शांत, की गदारोळातही त्याची मान ढळली नाही. कठड्याला कुणाचाच विरोध नव्हता, हे काकांना आधी फार बरं वाटलं. दोन्ही बाजू ओरडून ओरडून कठड्याला पाठिंबाच देत होत्या. भांडण होतं ते तो कुणाच्या हातून बसावा याचं. "ज्येष्ठ नागरिकांच्या गुडघ्यांचं राजकारण करू नका!" एक जण गरजला. "गुडघे आमच्या वॉर्डातले आहेत!" दुसऱ्याने उत्तर दिलं. काकूंच्या गुडघ्याचा इतका उल्लेख झाला, की काकांना संकोचल्यासारखं झालं आणि त्यांनी हातातल्या छत्रीकडे पाहायला सुरुवात केली. माईक बंद पडला, सभा तहकूब झाली. पुन्हा भरली, माईक चालू झाला आणि सभा पुन्हा तहकूब झाली.

शेवटी तोडग्यासाठी बैठक बोलावली. एका बाजूला खासदारांचे सचिव, दुसऱ्या बाजूला नगरसेविकाबाई, मध्ये अभियंता, आणि ज्यांच्यामुळे सगळं झालं ते काका टेबलाच्या टोकाला. दोन तास कुणी मागे हटेना. अभियंता थकून म्हणाला, "काका, मागणी तुमची. तुम्हीच सांगा, कुणी बसवावा?"

सगळ्यांनी मान वळवली. काकांनी सचिवांकडे पाहिलं, बाईंकडे पाहिलं. दोघंही किती आशेने बघत होते! कुणाला दुखवायचं? आणि काकांच्या तोंडून निघून गेलं, "मी काय म्हणतो, पायऱ्यांना बाजू दोन आहेत. दोघांनी एकेक घ्यावी."

टाळ्या पडल्या. सचिवांनी पाठ थोपटली. बाई म्हणाल्या, "याला म्हणतात अनुभव!" अभियंत्याने तर डोळेच पुसले. काका घरी आले ते रस्त्याच्या अगदी मधोमध चालत, छाती काढून.

"दोन कशाला?" काकूंनी विचारलं. "मला हात धरायला एकच बाजू लागते."

"तुला त्यातलं कळायचं नाही," काका म्हणाले. हे वाक्य त्यांना पुढे बरंच महागात पडलं.

पायऱ्या मुळातच बेताच्या रुंद. डावीकडे वकीलसाहेबांच्या बंगल्याची भिंत. वकीलसाहेब म्हणाले, "माझ्या भिंतीला एक खिळा ठोकलात तर कोर्टात भेटू." म्हणून खासदारांचा कठडा भिंत सोडून, आत सरकवून, सिमेंटच्या ठोकळ्यांवर उभा राहिला. उजवीकडे भिंतीलगत पाणीपुरवठ्याची जाड वाहिनी. त्या खात्याने दुरुस्तीसाठी हातभर जागा सोडायला लावली. म्हणून नगरपालिकेचा कठडाही आत सरकला. त्यात खासदारांच्या कठड्याला दोन नळ्या आहेत असं कळल्यावर बाईंनी आपल्या कठड्याला नक्षीची जाळी लावली, फुलं आणि वेली बाहेर आलेली. आणि गंमत म्हणजे दोन्ही ठेकेदारांनी काम दिलं ते त्याच वेल्डरला.

"अरे, तुला दिसत नव्हतं का?" काकांनी त्याला विचारलं.

"दिसत होतं की काका. पण डावा करताना त्यांनी डाव्याचाच कागद दिला, उजवा करताना यांनी उजव्याचाच. मधल्या वाटेचा कागद कुणीच दिला नाही. आणि तुमचाच तोडगा म्हणे, मी कोण बोलणार?"

आता भिंत आणि कठडा यांच्या मधून मांजरं ऐटीत ये-जा करत होती. माणसांनी मात्र दोन कठड्यांमधून अंग चोरून जायचं. काकू पहिल्याच दिवशी हौसेने निघाल्या. दोन पायऱ्या आडव्या होऊन उतरल्या, तिसरीवर पदर वेलीत अडकला. तशाच उलट्या वर आल्या. खाली धाकटी दारात उभी राहून हात हलवत होती.

"अहो, हा कठडा नव्हे, चाळण आहे," काकू म्हणाल्या. "बारीक असेल ते खाली पडेल. मी वरच राहायची." हे त्यांनी चेष्टेनेच म्हटलं. पण घरात जाऊन त्या पुन्हा खिडकीशी बसल्या, आणि त्या दिवशी त्यांनी फोनसुद्धा लावला नाही.

काका दोन्ही कार्यालयांत गेले. सचिव म्हणाले, "आमचा नियमाप्रमाणेच आहे. त्यांचा काढायला सांगा." बाई म्हणाल्या, "काका, आमचा मापात आहे. त्यांच्या ठोकळ्यांचं बघा." जन्मभर मापं तपासलेल्या माणसाला दोन्ही मापं बरोबर असून वाट चुकीची निघाल्याचा हा पहिलाच अनुभव होता.

आणि मग उद्घाटन. तेही दोघांनी एकाच दिवशी, एकाच वेळी ठेवलं. वरच्या टोकाला खासदारांची फीत, खालच्या टोकाला नगरसेविकांची. वरून साहेब आपला कठडा धरून उतरू लागले, मागे कार्यकर्ते, त्यांच्यामागे वाजंत्रीवाले. खालून बाई आपल्या कठड्यावरून हात फिरवत चढू लागल्या, मागे त्यांची माणसं आणि ढोल. काका वरच्या पायरीशी काकूंना खुर्ची देऊन उभे होते. त्यांना दिसत होतं काय होणार ते. पण थांबवायचं कुणाला? एकाला थांबवलं तर दुसऱ्याची बाजू घेतल्यासारखं होईल.

बरोबर मधल्या पायरीवर दोघं समोरासमोर आले.

"या ना ताई, आधी तुम्ही मागे व्हा," साहेब हसून म्हणाले.

"छे छे, चढणाऱ्याचा मान पहिला," बाई त्याहून गोड हसल्या.

साहेब मागे वळू म्हणाले तरी मागे कार्यकर्ते ठासून भरलेले. बाईंचंही तेच. मग दोघांनी एकाच वेळी मोठं मन दाखवलं आणि एकमेकांना वाट द्यायला आडवे झाले, तेही एकाच बाजूला. साहेबांचा कोट वेलीत गुंतला, बाईंची पर्स ठोकळ्याच्या मागे गेली आणि दोघं चावी अडकलेल्या कुलपासारखे गच्च बसले. मागून ढोल चालूच. फोटोवाल्यांना मात्र इतका जवळचा फोटो यापूर्वी कधी मिळाला नव्हता.

"कापा!" सचिव ओरडले. वेल्डर गर्दीतून यंत्र घेऊन आला. "कुठला कापू?"

"त्यांचा!" दोन्हीकडून एकदम आवाज आला.

वेल्डर मध्ये उभा. साहेबांचा श्वास अपुरा पडू लागला. बाईंनी डोळे मिटले. आणि मग अभियंत्याने, ज्याने आजवर एकही निर्णय घेतला नव्हता, हाही निर्णय परंपरेप्रमाणे पुढे सरकवला. "काकांना विचारा. मागणी त्यांची."

सगळी टेकडी काकांकडे बघू लागली. काकांचे ओठ हलले. 'दोन्ही' हा शब्द जिभेच्या टोकावर आला होता. तेवढ्यात त्यांची नजर काकूंवर गेली. त्या ना साहेबांकडे बघत होत्या ना बाईंकडे. त्या खाली दारात उभ्या असलेल्या धाकटीकडे बघत होत्या. आणि काकांच्या लक्षात आलं, की अभियंत्यापासून अतिक्रमण विभागापर्यंत सगळ्यांना विचारून झालं, फक्त जिला उतरायचं होतं तिला विचारायचं राहिलं.

"अगं," ते म्हणाले, "तुला कुठला हवा?"

काकूंनी मान वळवली. "मला विचारताय?"

"हो."

"वकिलांच्या भिंतीकडचा ठेवा. दुपारी तिकडे सावली असते. दुसऱ्यावर ऊन पडतं, हात पोळतो."

त्या पायऱ्यांबद्दल इतक्या महिन्यांत बोलला गेलेला हा पहिलाच उपयोगाचा शब्द. "उजवा कापा," काका मोठ्याने म्हणाले. मग आपण हे बोललो यानेच घाबरून खुर्चीचा आधार घेतला.

ठिणग्या उडाल्या, वेली गळून पडल्या, साहेब सुटले, बटण राहिलं. पण बाई काही कच्च्या गुरूच्या चेल्या नव्हत्या. मोकळ्या होताच त्या फोटोवाल्याकडे वळल्या. "जनतेच्या वाटेसाठी आम्ही आमचा कठडा अर्पण केला!" टाळ्यांचा कडकडाट झाला. साहेबांचा चेहरा पडला. आता बसवण्याच्या श्रेयापेक्षा काढण्याचं श्रेय मोठं झालं होतं. त्यांनी सचिवांच्या कानात काही सांगितलं आणि सचिव वेल्डरला म्हणाले, "आमचाही काप. त्यागात आम्ही मागे नाही."

काकांना घेरी यायचीच बाकी राहिली. त्यांनी "अहो साहेब..." म्हणेपर्यंत काकू खुर्चीवरून उठल्या, लंगडत पहिल्या पायरीवर गेल्या आणि दोन्ही हातांनी तो कठडा धरून उभ्या राहिल्या.

"काप," त्या वेल्डरला म्हणाल्या. "पण आधी माझे हात काप. मग या साहेबांना विचार, कुठल्या फलकावर लावायचे ते."

वेल्डरने यंत्र बंद केलं आणि खाली ठेवलं. साहेबांचं राजकारण बरंच जुनं. त्यांनी एका नजरेत सगळं ओळखलं, काकूंच्या मागे जाऊन उभे राहिले आणि हात जोडून म्हणाले, "मातेची इच्छा! हा कठडा कुणालाही हलवू देणार नाही!" फोटो झाला. या फोटोत तरी काकू पूर्ण आल्या.

गर्दी ओसरली. ढोल दूर गेले. काकू तशाच, एक हात कठड्यावर, एकेक पायरी उतरत होत्या. धाकटी खालून ओरडत होती, "सावकाश गं! घाई कसली?" आणि काकू ओरडत होत्या, "तू आधी आत जा, सासूबाई हाका मारतायत!"

काका त्यांच्या मागून निघाले. मात्र सवयीप्रमाणे पायऱ्यांच्या मधोमध, हात बाजूला न लावता. काय सांगावं, नगरसेविकाबाईंच्या माणसांपैकी कुणी अजून आसपास असेल. चौथ्या की पाचव्या पायरीवर त्यांचा पाय डगमगला.

काकूंनी वळून पाहिलं. "अहो, धरा की तो! धरल्याने कुणी पक्षात जात नाही."

काकांनी वर पाहिलं, खाली पाहिलं. वाणी दुकानाच्या फळीवर कोपर टेकून मजेत बघत होता.

बघू दे, काका मनाशी म्हणाले, आणि त्यांनी कठडा घट्ट धरला.